चौसष्ट-अकरा कुणाचं?

पोलव्हेन, कॉर्नवॉल
रविवार, १८ फेब्रुवारी १९७९

प्रिय केरेन्सा,

तू कशी आहेस? तुझी पाठ अजून धरते का, की तिकडच्या उन्हाने जरा ढिली झाली? जावईबापू लेनचा हात प्लास्टरमधून निघाला असं नाताळच्या कार्डावर वाचलं. आता मूठ नीट वळते ना त्याची? माझ्या नातीचे, विनीचे, पुढचे दात आले का? तुझ्या सासूबाईंचा गुडघा काय म्हणतो? त्यांना माझा निरोप दे, चालत राहा म्हणावं, एकदा बसलात की बसलात. आणि ती तुमची तांबडी कोंबडी, जिला सर्दी झाली होती, ती आहे की गेली? इकडे तुझी आई बरी आहे. अंगात रक्त कमी आहे म्हणून डॉक्टरने कॅप्सूल दिल्यात, रोज सकाळी एक. घेते म्हणते. माझं म्हणशील तर छाती. डॉक्टर म्हणतो, फुलांच्या शेडमधला गारवा आता सोडा. गारवा सोडला तर माझ्याकडे उरलं काय, ते नाही सांगितलं त्याने.

आठ वर्षांत मी तुला कार्डाखालच्या सहीपलीकडे काही लिहिलं नाही, आणि आज एकदम दोन पानं. तू म्हणशील, म्हाताऱ्याचं काहीतरी काम दिसतंय. आहे. आडपडदा कशाला ठेवू.

आपल्या डॅफोडिल मंडळाचं प्रदर्शन यंदा ३१ मार्चला आहे, नेहमीसारखं चॅपलच्या हॉलमध्ये. मी चौसष्ट-अकरा पुन्हा मांडणार आहे, ‘स्वतः बियांपासून पैदा केलेलं फूल’ या वर्गात. आणि या खेपेला ते तिथून सरळ लंडनच्या फुलांच्या नोंदवहीत जाणार. लावणीचे कांदे आता चाळीसच्या वर झालेत, म्हणजे नोंदायला हरकत नाही. इतकी वर्षं ‘चौसष्ट सालचा अकरावा संकर’ एवढाच नंबर लावून फिरतंय बिचारं. नावही ठरवलंय, ‘रोस्केलीचा मान’. शेजारचा हेडली चेग्विडन म्हणाला, “फुलाचं आहे की बैलाचं?” त्याचं तोंड तुला ठाऊकच आहे. पण पोरी, मी त्र्याहत्तरचा झालो. चाळीस वर्षं मातीत हात घातले आणि मागे राहील असं एकही फूल माझ्या नावावर नाही. जाण्याआधी हे एक लिहिलेलं बघायचंय. दुसरं मागणं नाही.

अडचण एवढीच, की जुने सेक्रेटरी गेले आणि त्यांच्या जागी मिस अँगोव्ह आलीय, तुम्हाला शाळेत भूगोल शिकवायची तीच. तिने नवं खूळ काढलंय: अर्जावर मंडळाची सही हवी तर संकराची वही दाखवा. वही आहे. पण चौसष्ट सालचं पान तुझ्या अक्षरात आहे. तुला आठवत असेलच, त्या वसंतात माझा चष्मा फुटला होता, मी सांगत होतो आणि तू लिहून घेत होतीस. तेवढं दोन ओळींत पाठव: ‘बाबा सांगत होते, मी लिहीत होते.’ खाली सही. बाकी काही लिहायची गरज नाही.

ही बाई मला सरळ वाटत नाही. चहाचा कप पुढे करते तोही निबंध परत दिल्यासारखा.

तुझा,
बाबा


मंगळवार, ६ मार्च

प्रिय केरेन्सा,

तुझं उत्तर आलं नाही. पोस्ट रेंगाळली असेल. विनीला खोकला वगैरे नाही ना?

इकडे चोरी झालीय. शांतपणे वाच.

शनिवारी चौसष्ट-अकराच्या पहिल्या कुंडीत फूल पूर्ण उघडलं. तू ते शेवटचं कधी पाहिलंस ते मला माहीत आहे, म्हणून सांगतो, आता ते त्याहून सुधारलंय. नुकत्या चुन्यासारखं पांढरं, वाटीच्या काठाला शिंपल्याच्या आत असतो तो गुलाबी, आणि तळाशी हिरवा डोळा. सहाही पाकळ्या अशा सपाट, की इस्त्री फिरवली म्हणावं. मी खुर्ची ओढून समोर बसलो, चहा गार झाला तरी बसलो. आणि मग वाटीत नीट पाहिलं. सहा परागकोश असायला हवेत. तीन होते.

गोगलगाय नव्हे. ती कुरतडते, लाळ सोडते. इथे एकाआड एक असे तीन, देठापासून स्वच्छ उचललेले. हे चिमट्याचं काम आहे, आणि तेही सरावलेल्या हाताचं.

पराग नेला म्हणजे काय नेलं, ते तुला सांगायला नको. कांदा चोरला तर खड्डा तरी दिसतो. परागाचं तसं नाही. पाच वर्षांनी दुसऱ्याच्याच वाफ्यात माझ्या फुलाचे नाकडोळे घेऊन पोरं उभी राहायची, आणि मी टोपी काढून म्हणायचं, वा, छान आहे हो.

सकाळी कुंपणापाशी हेडलीला गाठलं.

“शनिवारी कुठे होतास?”

“ट्रूरोला, दातवाल्याकडे. का रे राजा? बायकोने विचारायला पाठवलंय?”

“माझ्या शेडमध्ये कुणीतरी शिरलं होतं.”

“अरे देवा. काय नेलं?”

“तीन परागकोश.”

तो कुंपणावर आडवाच झाला. “पोलिसाला वर्णन काय देणार? पिवळे, लांबट, शेवटचे पाहिले तेव्हा फुलात उभे होते?”

हस म्हणावं. पण तो हसताना मी त्याचं तोंड बघून घेतलं. दात काढल्याची एकही जागा रिकामी नव्हती. घरी येऊन तुझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणते, “त्याला सगळी कवळीच आहे, कवळी घासून घ्यायला गेला असेल.” असेल. पण मग दातवाला कशाला म्हणायचं? हेडलीचाही एक नवा पांढरा यंदा त्याच वर्गात आहे, हे मला विसरता येत नाही. तळलेल्या अंड्यासारखा दिसतो, तरी आहे.

किल्ली दाराच्या चौकटीवर असते हे गावातल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. तुझी आई शेडमध्ये येत नाही, गारठ्याने तिची बोटं आखडतात, त्यामुळे तिला काही दिसायचा प्रश्न नाही. आज मी उंबऱ्याच्या आत हाडांच्या खताची बारीक पूड चाळून ठेवलीय. कुणाला बोललो नाही. तुला सांगतोय कारण तू दहा हजार मैलांवर, पृथ्वीच्या खालच्या टोकाला आहेस, आणि संशय घेऊ नये असं तूर्तास एवढंच माणूस उरलंय.

त्या दोन ओळी विसरू नकोस.

बाबा


शुक्रवार, १६ मार्च

केरेन्सा,

तू लिहीत का नाहीस? लेनची तब्येत? तुझी? एवढं तरी कळव.

दुसऱ्या कुंडीतलं फूल उघडलं आणि पुन्हा तेच. तीन गेले, तीन ठेवले. हा कसला चोर, जो अर्धं ठेवून जातो? मला तर तो सगळं नेता तर बरं वाटलं असतं. हे म्हणजे कुणीतरी मला सांगतंय की मी येऊन गेलो.

पण पाऊल उमटलं. लहान, अरुंद, मागे टाचेचा ठसा. बाईचा जोडा, तोही ठेवणीतला. मी कागद ठेवून माप उतरवून घेतलं. हेडलीचा पाय वल्ह्याएवढा आहे, तो सुटला. उरलं कोण? ज्या बाईला माझ्या फुलाचं एवढं पडलंय, की वही मागते. बरोबर ना?

बुधवारी हॉलमध्ये मंडळाची बैठक होती. फुलदाण्यांत देठाभोवती भरायला शेवाळ कोण आणणार, टेबलांना काळं कापड पुरेल का, केशराचे बनपाव गेल्या वर्षी कुणी कच्चे ठेवले, हे सगळं चाललं होतं. मी आपला पेन्सिल पाडायचो आणि वाकायचो. तिसऱ्यांदा वाकलो तेव्हा वरून आवाज आला.

“मिस्टर रोस्केली, टेबलाखाली काही उगवलंय का?”

आता लपवून काय करायचं? मी म्हणालो, “मिस अँगोव्ह, तुमच्या पायाचं माप काय?”

लगेच हेडली: “डेन्झिल, बाईला मागणी अशी घालत नाहीत. आधी हवापाण्याचं बोलायचं असतं.”

बाईने शांतपणे चष्मा काढला, जोडा काढला आणि पाऊल शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. “सात. लिहून घ्या. डावं थोडं मोठं आहे.” माझ्या खिशातला कागद पाच नंबरचासुद्धा नव्हता. सगळे हसले, मीही हसल्यासारखं केलं.

“आता माझी पाळी,” ती म्हणाली. “वही आणलीत?”

वही दिली. तिने चौसष्ट सालचं पान उघडलं, मागची चार पानं पाहिली, पुढची चार पाहिली, आणि पुन्हा तिथेच आली.

“अक्षर तुमच्या मुलीचं आहे.”

“हो. मी सांगत होतो, ती लिहीत होती. चष्मा फुटला होता माझा.”

“तुमच्या वहीत प्रत्येक संकर नियमाने लिहिलेला आहे, आधी आई-झाड, मग पराग देणारं बाप-झाड. तीस वर्षं एकदाही चूक नाही, मानलं तुम्हाला. या एका पानावर मात्र बाप आधी आहे.”

“सांगताना उलटं झालं असेल.”

“पानावर अकरा संकर आहेत, मिस्टर रोस्केली. अकरा वेळा?”

कुणी हसलं नाही तेव्हा. हेडली तर खिडकीबाहेर बघत होता, आणि ते मला जास्त लागलं. ती म्हणाली, मुलीचं लेखी काही असेल तर आणा, सही करते. वही बंद करून दिली.

मी तेव्हापासून विचार करतोय. इतक्या बारकाव्याने ती कशी बघेल, तिला कुणी आधी सांगितल्याशिवाय? तू तिला पत्र लिहिलंस का? माझ्याआधी? तुमचं शाळेत बरं जमायचं. तसं असेल तर स्पष्ट लिही, मला कडेकडेने कळायला नको.

बाबा


शनिवार, २४ मार्च

केरेन्सा,

आज कुणाच्या तब्येतीची चौकशी करत नाही. तुम्ही सगळे ठणठणीत असणार.

गुरुवारी न्याहारीला लोणी काढायला फ्रिज उघडला. अंड्यांच्या मागे मोहरीचा जुना डबा. आत कापसात गुंडाळलेल्या सहा कॅप्सूल. माझ्या लगेच लक्षात आलं. बाई औषध घेत नाही, लपवून ठेवते. मी पेलाभर पाणी घेतलं आणि टेबलापाशी गेलो.

“हे काय आहे गं?”

ती टोस्टला मुरंबा लावत होती. तिचा हात थांबला. “ठेव ते जागेवर.”

“डॉक्टरने रोज एक सांगितलीय. सहा दिवस उपास केलास! आत्ता माझ्यासमोर घे.”

“नंतर घेते.”

“तोंड उघड.”

“डेन्झिल, मी लहान नाहीये.”

“घाबरतेस? बघ, काही होत नाही,” असं म्हणून मी एक उचलून जिभेवर ठेवली.

ती खुर्ची पाडून उठली. “थुंक! थुंक आधी! चौसष्ट-अकरा आहे ते!”

मी थुंकलो. बशीत पडली ती. कवच मऊ होऊन फुटलं होतं आणि आतून पिवळी धूळ मुरंब्यावर पसरली. मला आधी काहीच कळेना. मग कळलं, आणि मी खाली बसलो.

चार वर्षं. चार वर्षं माझ्याच घरात, माझ्याच चिमट्याने, आणि मला दिसलं ते यंदा पहिल्यांदा. चॅपलमध्ये फुलं लावायला म्हणून ठेवणीतले जोडे घालून निघायची, आणि वाटेत शेडमध्ये डोकवायची. पराग खिडकीत कागदावर वाळवायचा, औषधवाल्याकडच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरायचा, उन्हाळाभर फ्रिजमध्ये ठेवायचा आणि तुमच्याकडे वसंत लागायच्या आत तुला पोस्टाने. तिकडे परक्या मुलखातला कांदा आत येऊ देत नाहीत, पण पत्रातल्या चिमूटभर धुळीला कोण विचारतो! आणि तू मला कार्डावर काय लिहायचीस? ‘हवा छान आहे.’

मी खूप बोललो. सगळं लिहीत नाही. चोर म्हणालो तिला. सव्वीस वर्षांच्या चेग्विडनवर, त्या मास्तरीणबाईवर मी संशय घेतला, सगळ्या गावात हसं करून घेतलं, आणि चोर माझ्या ताटात वाढत होता, असंही म्हणालो. (हेडली सव्वीस वर्षांचा नाही, सव्वीस वर्षांपासून शेजारी आहे, असं म्हणायचं होतं. ती तेव्हाही हे दुरुस्त करून मगच रडली.)

मग ती म्हणाली, “मी तीन घ्यायचे आणि तीन तुला ठेवायचे. तू तिला किती ठेवलेस?”

त्यावर मी शेडमध्ये गेलो. दुपारी जेवायला आत आलो नाही. तिने मांस-बटाटा भरलेली पेस्टी आणून दारात ठेवली, आत आली नाही. तेव्हापासून घरात मीठ दे, दार लाव, एवढंच बोलणं आहे.

माझा राग गेलेला नाही. पण विचारतो. किती बिया धरल्या? रोपं जगली का? तुझी आई म्हणते, पहिल्या खेपेची येत्या सप्टेंबरात फुलतील. आई-झाड कोणतं घेतलंस? काठाचा गुलाबी पोरांत उतरतो की धुऊन जातो? मला नेहमी वाटायचं उन्हाने तो जाईल. कांदे उथळ लावले असशील तर माती चढव.

चष्म्याचं मी जे तुला लिहिलं, ते...

हे पत्र आज टाकतो. उद्या ठेवलं तर फाडेन.

बाबा


रविवार, १ एप्रिल

प्रिय केरेन्सा,

वरची तारीख बघून थट्टा समजू नकोस.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी. पाकीट हलकं होतं. तुझी आई चुलीपाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी उघडलं. ‘बाबा सांगत होते, मी लिहीत होते. केरेन्सा.’ बस. बाकी काही लिहायची गरज नाही असं मीच कळवलं होतं, आणि तू बाकी काही लिहिलं नाहीस.

मला जे हवं होतं ते नेमकं तसंच्या तसं हातात आलं. मी आईला कागद दिला. तिने वाचला, घडी घातली, परत दिला. म्हणाली, “दिलं बघ तिने हेही.” आणि बटाटे सोलायला बसली.

शनिवारी पहाटेच उठून चार फुलं काढली, त्यातलं सगळ्यात चांगलं निवडलं, उंटाच्या केसांच्या कुंचल्याने झटकलं. हॉलमध्ये नेहमीची गडबड. कुणी शेवाळ मागतंय, कुणाची फुलदाणी गळतेय, हेडली आपल्या तळलेल्या अंड्याची मान हलक्या हाताने फिरवत त्याला समजावतोय, “वर बघ बाळा, वर, परीक्षक वरून बघतात.” मी चौसष्ट-अकरा उभं केलं, वरची पाकळी बरोबर बाराच्या काट्यावर आणली, शेवाळाने देठ आवळला. मग कार्ड लिहायला घेतलं. तुझी चिठ्ठी आतल्या खिशात होती. मिस अँगोव्ह दोन टेबलं पलीकडे होती. उठून द्यायची, एवढंच काम.

आता जे तुला ठाऊकच आहे ते लिहितो, कारण मी ते कधी कुठे लिहिलेलं नाही.

चौसष्टच्या त्या वसंतात माझा चष्मा फुटला नव्हता. मी फुलांच्या पेट्या घेऊन पेन्झॅन्सला गेलो होतो, तीन दिवस. परत आलो तर तू सतरा वर्षांची पोर शेडमधून बाहेर आलीस, नाकाला पराग लागलेला, आणि वही पुढे केलीस. अकरा संकर. मी म्हणालो, बाप आधी लिहितात का गं कधी? तू म्हणालीस, शाळेच्या फॉर्मवर तुम्हीच शिकवलंत ना, आधी बापाचं नाव. मी इतका हसलो होतो. त्या बिया तू पेरल्यास, तू निवडल्यास, गोगलगायी तू वेचल्यास. पाच वर्षांनी अकरावं फुललं तेव्हा तू मला हाताला धरून नेलंस बघायला.

आणि एकाहत्तरच्या प्रदर्शनात मी कार्डावर माझं नाव लिहिलं. कप घेतला. तू चहाच्या टेबलामागे होतीस. तू एवढंच म्हणालीस, “बाबा, कार्डावर...” आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, “घरातल्या घरात काय तुझं नि माझं!” हेडली शेजारी होता, त्याने ऐकलं. मिस अँगोव्हनेही ऐकलं असणार. जूनमध्ये तू गेलीस. मी लोकांना सांगितलं, पोरीला जग बघायचं होतं.

तेव्हापासून त्या फुलाला नाव द्यायला बसलो की हात चालायचा नाही. मी म्हणायचो, कांदे कमी आहेत अजून.

तर काल मी कार्डावर लिहिलं: मांडणारा, डेन्झिल रोस्केली. पैदा करणारी, केरेन्सा रोस्केली. सासरचं आडनाव लिहिलं नाही, चौसष्टमध्ये तू रोस्केलीच होतीस. वर्ग बदलला नाही. बदलता आला असता. पण जिथे मी ते खोटं मांडलं होतं, तिथेच ते असायला हवं, असं मला वाटलं.

परीक्षकांना हॉल मोकळा करून दिला. दोन तास बाहेर भिंतीपाशी आम्ही सगळे, वारा असा की टोप्या धरून उभे. दारं उघडली. तुझी आई माझ्या पुढे चालत होती, मला तिचा चेहरा दिसत नव्हता. फुलासमोर माणसं जमली होती. कार्डावर पेन्सिलने तीन अक्षरं: एन. ए. एस. तुला सांगायला नको, पण लेनला सांग: ‘नियमाला धरून नाही’, फूल बाद. आमच्याकडे माणसाला देशोधडीला लावलं तरी इतकं वाईट वाटत नाही. चाळीस वर्षांत मला ही अक्षरं कधी मिळाली नव्हती. खाली मिस अँगोव्हच्या अक्षरात: ‘मांडणारा आणि पैदा करणारी एक नाही. कलम सात.’

पहिला नंबर तळलेल्या अंड्याला.

आठ वर्षांपूर्वी ज्यांनी त्याच फुलासाठी माझा हात हातात घेतला, ती सगळी माणसं कार्ड वाचत होती, मग फूल, मग पुन्हा कार्ड. हेडली आला. मला वाटलं आता हा काय टोमणा मारतो.

“तुझं फूल असतं तर हरलो असतो मी,” तो म्हणाला.

“तुझ्यासमोर हरायला तेही लाजलं असतं.”

“मेल्या, आठ वर्षं लावलीस रे.” आणि नाक शिंकरून बन आणायला गेला.

त्याची माफी मागायची राहिली होती, दातांबद्दल. ती मी बनांच्या रांगेत मागितली. कवळी घासायलाच गेला होता.

मग मिस अँगोव्ह. मी आपणहून पाय मागे घेतले. तिने पिशवीतून नोंदणीचा अर्ज काढला. मंडळाच्या सहीची जागा भरलेली, तारीख घातलेली. पैदा करणारीच्या रकान्यात तुझं नाव टाइप केलेलं. म्हणजे ते आधीच टाइप करून आणलं होतं तिने. “कशावरून कळलं तुम्हाला?” मी विचारलं.

“अक्षरावरून नव्हे हो,” ती म्हणाली. “भूगोलाच्या पेपरातही तसंच करायची ती. नदी कुठून निघते विचारलं, की आधी कुठे मिळते ते लिहायची. मी दर वेळी गुण कापायचे. फुलाचं नाव मात्र मी घातलेलं नाही. तो हक्क पैदा करणारीचा.”

रात्री जेवताना तुझ्या आईने मला न विचारता दुसऱ्यांदा वाढलं. अजून बोलत नाही म्हणावं तशी, पण वाढलं. तुझी ती दोन ओळींची चिठ्ठी मी तिच्यासमोर चुलीत घातली. ती तुला परत पाठवावी असं आधी वाटलं होतं, पण असला कागद कुणाच्याच घरात नको.

अर्ज सोबत आहे. खाली जिथे पेन्सिलने फुली केलीय तिथे सही कर. वरचा रुंद रकाना नावाचा आहे. ‘रोस्केलीचा मान’ गेलं, त्याची आठवण काढू नकोस. मी काही सुचवणार नाही. तुझ्या आईला सुचत होतं, तिलाही गप्प बसवलंय. विनीचं ठेव, कोंबडीचं ठेव, तुला हवं ते ठेव, फक्त ठळक लिही. लंडनला ते जूनअखेर पोचायला हवं. तू सही केली नाहीस तर ते चौसष्ट-अकरा म्हणूनच राहील, आणि तेही मला मान्य आहे. पण मी दुसऱ्या कुणाच्या नावाने ते पाठवणार नाही, माझ्या तर नाहीच.

तुझ्याकडे पत्र जायला आठ-नऊ दिवस, यायला तेवढेच. म्हणजे एप्रिल संपत आला की मी फाटकापाशी उभा राहायला लागेन, आणि पोस्टमन मला टाळायला लागेल. लवकर लिही, पोरी. रागाने लिहिलंस तरी चालेल. पण या वेळी दोन ओळींपेक्षा जास्त लिही.

तुझा,
बाबा